मटण विरघळलं, गाजर कच्चं: स्लो कुकरचं कोडं

गेल्या मे महिन्यात माझा मामेभाऊ बोटीवरून सुटीला कुडाळला आला तो एक जड खोका घेऊन. आत स्लो कुकर. सोबत एक पाककृतीचं पुस्तकही होतं आणि पहिल्याच पानावर बीफ स्ट्यू, म्हणजे गोमांस आणि भाज्यांचा मंद आचेवरचा रस्सा. कृती इतकी सोपी की संशय यावा: सगळं भांड्यात घाला, बटण दाबा, कामाला जा, आठ तासांनी या. आम्ही बीफच्या जागी बोकडाचं मटण घेतलं, भांडं काठोकाठ पाण्याने भरलं आणि सांगितल्याप्रमाणे आठ तास झाकण उघडलं नाही.

संध्याकाळी जे पानात पडलं त्याने घर बुचकळ्यात पडलं. मटण हाडावरून आपोआप सुटत होतं, पण गाजर दाताखाली कचकन वाजलं. बटाटाही अर्धाकच्चा. रस्सा म्हणाल तर पेजेच्या निवळीइतका पातळ. गाजर आधी शिजतं आणि मटण मागाहून, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. इथे गंगा उलटी वाहिली होती.

आमची आते मात्र मटणाचा एक तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "ह्यां तर वैलावरचां रांधाप!" तिने अख्खं यंत्र एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला ते कळायला मात्र आणखी चार स्ट्यू बिघडवावे लागले.

आधी यंत्र काय आहे ते

ज्यांनी चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी: चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी दुसरं एक तोंड असतं, तो वैल. त्याखाली वेगळा जाळ घालत नाहीत. मुख्य चुलीतली उरलेली धग तिथे पोचते. पुढे भात उकळत असतो, तेव्हा वैलावर डाळ, कुळीथ किंवा सागोतीचं, म्हणजे मालवणी मटणाचं, भांडं आपल्या गतीने रटरटत असतं. त्याकडे कुणी बघत नाही.

स्लो कुकर म्हणजे प्लग लावलेला वैल. बाहेर पत्र्याचं आवरण, त्याच्या आतल्या बाजूने गुंडाळलेली तापणारी पट्टी, मध्ये जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. पट्टी अगदी कमी ताकदीची असते, बहुतेक घरगुती यंत्रांत दीडशे ते तीनशे वॉट. म्हणजे जुने पिवळे बल्ब दोन-चार एकदम लावावेत एवढीच उष्णता.

एवढ्याशा उष्णतेवर मटण शिजतं, कारण ती बाहेर जाऊ दिली जात नाही. भोक पडलेल्या हौदात नळ सोडून ठेवला तर पाणी एका पातळीला येऊन थांबतं; जेवढं येतं तेवढंच गळतं. इथेही तसंच. भांडं तापत जातं, कडांतून उष्णता गळत जाते, आणि दोन्हींचा मेळ उकळीच्या किंचित खाली कुठेतरी जमतो. 'लो' आणि 'हाय' या दोन बटणांबद्दल एक गैरसमज आहे. बहुतेक यंत्रांत दोन्ही बटणांवर रस्सा शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोचतो. 'हाय'वर तो लवकर पोचतो, 'लो'वर सावकाश, एवढाच फरक.

याचा शोध लावला शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांनी. त्यांना पेटंट मिळालं १९४० मध्ये. कल्पना घरातलीच होती. ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी चूल पेटवत नाहीत, म्हणून लिथुआनियातल्या गावात त्यांच्या आजोळी शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत मांस, कडधान्य आणि बटाट्याचं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. भट्टी रात्रभर निवत जाई आणि शनिवारी जेवण तयार असे. पुढे १९७० मध्ये 'रायव्हल' कंपनीने नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' या नावाने अमेरिकेच्या घराघरांत गेलं. बाई दिवसभर नोकरीवर असली तरी संध्याकाळी जेवण तयार, ही त्याची जाहिरात. आमच्या आतेचं म्हणणं वेगळं: बाई दिवसभर शेतात असली तरी वैलावरचं कुळथाचं भांडं तयारच असायचं, त्याची कुणी जाहिरात केली नाही.

मटण चिवट का असतं?

मटणाचा तुकडा म्हणजे गवताचा भारा समजा. गवताच्या काड्या म्हणजे स्नायूंचे तंतू. पण भारा सुटत नाही तो काड्यांमुळे नव्हे, त्याला आवळलेल्या सुंभामुळे. मांसात हे सुंभाचं काम 'कोलॅजन' नावाचं प्रथिन करतं. जे अवयव जास्त राबतात तिथे सुंभ जाड: मान, खांदा, पाय. जनावर जितकं वयस्क, तितका त्याचा पीळ घट्ट.

उष्णता लागली की दोन गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. साधारण साठ अंशांच्या पुढे तंतू आकसतात आणि आतलं पाणी बाहेर टाकतात, ओला पंचा पिळावा तसं. त्याच सुमारास सुंभही आकसतो आणि पिळायला मदत करतो. म्हणजे अर्ध्या वाटेवर मटण कच्च्यापेक्षाही चिवट असतं. दीड तासाने झाकण उघडून, तुकडा चावून, "हे काही शिजायचं नाही" म्हणत प्रेशर कुकरकडे धावणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

दुसरी गोष्ट सत्तर अंशांच्या पुढे सुरू होते. पाण्यात बुडालेला सुंभ हळूहळू उलगडतो आणि विरघळतो. विरघळल्यावर त्याला 'जिलेटिन' म्हणतात. पायाचं सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी वडी पडावी इतकं थिजतं ना, ते तेच. तंतूंमधलं पाणी कधीच गेलेलं असतं, पण भारा सुटा होतो, प्रत्येक काडीला जिलेटिनचा बुळबुळीत लेप बसतो आणि तोंडाला मटण रसाळ लागतं. खरं तर ते रसाळ नाही, ओशट आहे. जिभेला फरक कळत नाही.

सुंभ विरघळायला जसं तापमान लागतं तसा वेळही लागतो. ऐंशी-नव्वद अंशांवर त्याला तास मोजून द्यावे लागतात.

मासा स्लो कुकरात का घालू नये, तेही यावरूनच कळतं. माशाचा सुंभ विरळ आणि नाजूक, कमी उष्णतेतच सुटतो. सुरमईच्या कढीला उकळी आली की काम संपलं. सहा तास ठेवलीत तर काटे तेवढे सापडतील.

मग गाजर का राहिलं?

भाजी मऊ व्हायची तर तिच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा डिंक सुटावा लागतो. त्याचं नाव पेक्टिन. जॅम किंवा पेरूची जेली घट्ट होते ती याच्याच जोरावर. सुंभ सत्तरच्या पुढे हळूहळू का होईना, हलायला लागतो. हा डिंक मात्र पंच्याऐंशीच्या आसपास पोचल्याशिवाय फारसा हलत नाही. स्लो कुकर तिथे पोचायलाच कित्येक तास घेतो. तेवढ्या वेळात मटणाचं काम सुरूही झालेलं असतं आणि गाजर नुसतं कोमट पाण्यात बसून असतं.

त्यात आम्ही आणखी एक घोळ घातला होता. चव यावी म्हणून सुरुवातीलाच चार आमसुलं टाकली. आंबट पाण्यात पेक्टिन सुटायचं नाव घेत नाही. चिंच घातल्यावर डाळ शिजत नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. बटाट्यालाही तोच नियम लागतो एवढंच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून कंदमुळं तळाला आणि कडेला लावायची, कारण धग कडेने येते. फोडी मटणापेक्षा लहान, फार तर इंचभर. आमसूल, टोमॅटो, लिंबू शेवटच्या अर्ध्या तासात.

'कुकरच्या चार शिट्ट्यांत होतं, आठ तास कशाला?'

आक्षेप रास्त आहे. प्रेशर कुकरात वाफ कोंडल्याने पाणी शंभरऐवजी जवळपास १२० अंशांवर उकळतं. रसायनशास्त्रातला एक ढोबळ आडाखा असा की दहा अंश वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पंचाण्णववरून एकशे वीसवर गेलात तर वेग पाच-सहा पटींनी वाढला. सहा तासांचं काम तासाभरात. सुंभ दोन्हीकडे विरघळतो.

फरक पडतो तो चुकीला माफी किती यात. कुकरात दोन शिट्ट्या जास्त झाल्या की तुकड्यांचा चोथा होतो, दोन कमी झाल्या की चिवट. स्लो कुकरात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे झाला तर कुणाला कळतही नाही. रस्सा खळखळ उकळत नसल्याने तुकडे आख्खे राहतात आणि रस्सा गढूळ होत नाही.

रोजच्या सागोतीसाठी मी कुकरच वापरते, त्यात कमीपणा काहीच नाही. आंबा आढीत पिकवणं आणि बाजारी पुड्या टाकून पिकवणं अशी तुलना भाऊ करतो, पण ती कुकरवर अन्याय करणारी आहे. कुकर काही फसवत नाही, फक्त घाई करतो.

बीफ, मटण की आणखी काही?

मूळ कृती बीफची आहे आणि तिला कारण आहे. गोमांसाचे खांद्याचे आणि पोटरीचे तुकडे कोलॅजनने भरलेले, म्हणून स्वस्त आणि म्हणूनच मंद आचेला योग्य. गरिबाच्या मांसातून मेजवानी काढायची ही युक्ती. महाराष्ट्रात मात्र गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीच्या मांसावर तशी सरसकट बंदी नाही. ज्यांच्या घरात ते चालतं त्यांना मूळ कृतीच्या सगळ्यांत जवळ जाता येईल: तंतू जाड, चरबी कमी, 'लो'वर नऊ-दहा तास धरून चाला.

आमच्याकडे बोकड. सिंधुदुर्गात 'कोकण कन्याळ' ही आपली स्वतःची शेळीची जात आहे. पण जातीपेक्षा महत्त्वाचा तुकडा. मटणवाल्याला मांडी मागू नका, तो भाव उगाच जाईल. मान, खांदा, पुढचे पाय आणि दोन नळ्या मागा, आणि तुकडे नेहमीपेक्षा मोठे, दीड-दोन इंचांचे करायला सांगा. कोवळं मटण हवं असा आग्रह इथे धरू नये. थोडं जून जनावरच या भांड्यात खुलतं.

ब्रॉयलर कोंबडी इतक्या वेळात लगदा होते. गावठी कोंबडा चालेल, तोही म्हातारा.

भांड्यात काय, किती, कधी

पाच-सहा माणसांसाठी एक किलो हाडासकट मटण. त्याला मीठ लावून ठेवा आणि पाणी सुटलं तर पुसून काढा. मग लोखंडी कढईत दोन चमचे तेल कडकडीत तापवून तुकडे थोडे थोडे घालून सगळ्या बाजूंनी तांबूस करा. पुस्तकात ही पायरी 'ऐच्छिक' म्हटली आहे. ऐच्छिक अजिबात नाही. भाजल्याचा खमंग वास आणि रंग येतो तो १४० अंशांच्या आसपास आणि त्यावर. पाणी असलेल्या भांड्यात शंभराच्या वर जाता येत नाही. म्हणजे स्लो कुकर स्वतःहून हा वास कधीच देऊ शकणार नाही, मग तास कितीही द्या. आपण वाटपाचं खोबरं-कांदा आधी का भाजतो, उकडून का घालत नाही, त्याचं कारण हेच. भाजल्याने 'रस आत कोंडला जातो' असं जे सांगतात ते मात्र खरं नाही. रस जायचा तो जातोच.

त्याच कढईत दोन मोठे कांदे उभे चिरून परता, एक चमचा आलं-लसूण, दहा-बारा काळी मिरी जाडसर कुटून, चार लवंगा, बोटभर दालचिनी, दोन तमालपत्रं. परसात दालचिनीचं झाड असेल तर त्याचंच पान घाला, वास अधिक गोड येतो. वर दोन मोठे चमचे कणीक भुरभुरवून मिनिटभर परता. रस्सा पुढे तिच्यामुळे दाट होतो. मग दोन कप कडकडीत पाणी ओतून कढईला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या.

फक्त दोन कप. आमचा पहिला रस्सा बुडाला तो पाण्यातच. अलिबाग-पेणकडे पोपटी लावतात तेव्हा मडक्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत, भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगांतली वाफच सगळं शिजवते. स्लो कुकरात तेवढं कोरडं चालणार नाही, पण तत्त्व तेच: झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत खाली पडते, बाहेर जात नाही. वर मटण आणि कांदा आपलंही पाणी सोडतात. तुकडे जेमतेम तीन चतुर्थांश बुडाले की पुरे.

तळाला तीन बटाटे आणि दोन गाजरं, वर मटण आणि नळ्या, वरून कढईतला रस्सा. पहिला तास 'हाय', मग सहा-सात तास 'लो'. दर वेळी झाकण उघडलंत की वीस-तीस मिनिटांची कमाई गेली. आमच्याकडे पाहुणे येऊन जाऊन झाकण उचलायचे. शेवटी वर नारळ ठेवला.

शेवटच्या अर्ध्या तासात वाटीभर मटार आणि दोन आमसुलं. सौम्य हवं असेल तर आमसुलांऐवजी वाटीभर नारळाचं जाड दूध, तेही यंत्र बंद करायच्या जरा आधी, नाहीतर फाटतं. मालवणी मसाला घालू नका असं मी सांगणार नाही, पण मग त्याला सागोती म्हणा. हा पदार्थ मिरीचा आहे. सोबत घावणे. पावही चालतो, पण घावण्याच्या जाळीत हा रस्सा मुरतो तसा पावात मुरत नाही.

'एवढे तास कोमट राहिलं तर नासणार नाही?'

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. जिवाणू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात. यंत्र चालू असताना अन्न या पट्ट्याच्या वर असतं, म्हणून सुरक्षित. धोका आहे तो पट्टा ओलांडायला लागणाऱ्या वेळात. म्हणूनच पाणी कडकडीत, म्हणूनच पहिला तास 'हाय', आणि म्हणूनच फ्रीझरमधलं दगडासारखं मटण थेट घालायचं नाही, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवायचं. 'वॉर्म' हे बटण शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे, शिजवण्यासाठी नाही.

आता कोकणातली खरी अडचण: वीज. तुम्ही घरात असाल आणि वीज गेली तर सरळ सगळं पातेल्यात ओतून गॅसवर चढवा. आधीच पूर्ण शिजलेलं असेल तर झाकण न उघडता दोन तास निभावतं. पण तुम्ही बाहेर होतात, परत आलात आणि घड्याळाचे आकडे लुकलुकतायत, म्हणजे मध्ये वीज किती वेळ गेली होती ठाऊक नाही, तर भांड्यातलं टाकून द्या. वास चांगला येतोय म्हणून पुन्हा उकळून खाऊ नका. काही जिवाणू मरताना विष मागे ठेवतात आणि ते उकळीने जात नाही.

उरलेलंही भांड्यासकट फ्रिजमध्ये नको. ती चिनीमाती तासन् तास उष्णता धरून ठेवते. पसरट डब्यांत काढून निववा.

आणखी एक इशारा राजम्याचा. हे यंत्र सुरुवातीला कडधान्यं शिजवण्यासाठी म्हणूनच विकलं गेलं, पण लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं जे मंद आचेवर पुरतं मरत नाही. भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय राजमा यात घालू नये. उलट्यांना चार-पाच कच्चे दाणेही पुरतात.

बिल किती येतं?

दोनशे वॉट गुणिले आठ तास, म्हणजे १.६ युनिट. दोन हजार वॉटचा गीझर ४८ मिनिटं चालवला तर एवढीच वीज जाते. आपल्या बिलावरच्या दराने गुणून बघा. कुकरला गॅसवर चाळीस मिनिटं लागतात, तेव्हा पैसे वाचतात म्हणून कुणी हे यंत्र घेऊ नये. यात वाचतं ते लक्ष. सकाळी नऊला लावून मी बँकेत, बाजारात, दुपारी वामकुक्षीला मोकळी.

आणि अमेरिकेहून कुणी पाठवणार असेल तर आधी मागचा कागद वाचायला सांगा. तिकडची यंत्रं ११०-१२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलीत तर पहिला स्ट्यू तोच शेवटचा. आखातातली किंवा इंग्लंडची बहुधा चालतात, फक्त पिन बदलावी लागते.

भाऊ परत बोटीवर गेला, स्लो कुकर इथेच राहिला. ऑक्टोबर ते मे तो ओट्यावर असतो. पाऊस सुरू झाला आणि दिवसातून तीनदा दिवे जायला लागले की माळ्यावर जातो, आणि आते चार सुकी लाकडं आत घेऊन वैलावरची राख झाडायला लागते.